सायमनच्या साक्षीदार बाया

आमचा सायमन रिसोडच्या शाळेत गणित शिकवते अन् मी इतिहास. एकदा नाताळात त्याच्या घरी केक खाता खाता म्या त्याले छेडलंच. "येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला म्हनता तुमी. पुरावा काय? पयल्यांदा कोनं पाह्यलं?"

"बायांनी," सायमन म्हने. "त्या काळात बाईच्या साक्षीले कोनी इचारत नव्हतं. खोटंच रचाचं असतं, तं पुरुष साक्षीदार नसते का टाकले?"

"जमत नाही गा! साध्या पंचनाम्याले पंच लागतात. रडनाऱ्या बायांच्या भरवशावर इतिहास होते काय?"

सायमन हासला. "मंग केनवडले तुह्या वावरात काय झालं होतं?"

त्याच सालच्या पावसाळ्यात सोयाबीनमंदी माह्या पायाले काईतरी टोचलं. दुखलं बी नाही. माहे दोघं भाऊ म्हनत, काटा असन. निंदाले आलेली शांताबाई एकटी ओरडून राह्यली होती, "म्या पाह्यला, मण्यार साप होता!" तिले सारे हासले. सायमन सहज वावर पाहाले आलता. त्यानं तिचं आयकलं, मले जीपमंदी घातलं अन् दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हने, जरा उशीर झाला असता तं खेळ खलास होता.

"तवा म्या पंच गोळा कराले पायजे होते का?" सायमन म्हने.

आता दर दिवाळीले शांताबाईले लुगडं नेतो. येशू उठला का नाही, मले आजबी ठाव नाही. पन मी उठलो, तो एका बाईच्या साक्षीवर.