पिस्ता रंगाची गोळी

अहो, त्या लाल घ्या ना, केशरी घ्या — पिस्ता रंगालाच काय सोनं लागलंय? त्या टोपलीला हात नका लावू, त्या विकायच्या नाहीत आता. मागच्या आठवड्यात तुम्हाला दिली, कबूल, मी कुठं नाही म्हणतेय? आणि झालीय छान, मला का ठाऊक नाही — मधे कापूस भरायचा, दोन्ही टोकांना क्रोशानं कागद पिळल्यासारखी झालर काढायची, झाली गोळी; शेजारच्या आजोबांनी एकदा खरी समजून तोंडात टाकली होती! पाटी वाचलीत ना? 'उरलेल्या लोकरीच्या शोभेच्या गोळ्या.' बाकीच्या आहेतच उरलेल्या लोकरीच्या. ह्या तेवढ्या — जाऊ द्या.

बसा जरा. आत रेडिओ लागलाय ना, ती माझी थोरली बहीण ऐकतेय. दोन वर्षं झाली, डोळे गेले तिचे, तेव्हापासून माझ्याकडेच असते. क्रोशाची सुई माझ्या हातात पहिल्यांदा दिली ती ताईनंच. नातीसाठी पिस्ता रंगाचा स्वेटर घेतला होता तिनं विणायला, पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, आणि ऐन बाह्यांच्या वेळी नजरेनं दगा दिला. मला म्हणाली, "धाकटे, तेवढ्या बाह्या कर." तेवढ्याच हो! मी काय केलं? ठेवला कपाटात. आज करू, उद्या करू — मग ह्या गोळ्यांना मागणी आली, फिकट रंग संपले, कपाट उघडलं तर समोर हा. म्हटलं, पाठ तेवढी उसवू, तिला कुठं दिसतंय? हो, असंच म्हटलं मी. बघू नका असं, माझी मलाच लाज वाटते. पाठ गेली, मग एक पुढचा भाग, मग दुसरा. आणि ती रोज सकाळी चहा घेताना विचारायची, "कुठवर आलाय गं?" — मी म्हणायचे, "एक बाही झाली."

काल तिचा हात टोपलीत गेला. एक गोळी उचलली, बोटांत फिरवत बसली. उसवलेली लोकर सरळ राहत नाही, नागमोडी होते, धुऊन ताणून वाळवल्याशिवाय तिचा तो वाकडेपणा जात नाही — मला तेवढाही धीर नव्हता. म्हणाली, "ही आधी विणलेली होती." मी म्हटलं, "असेल कुणाची तरी जुनी." झालं, ठेवली तिनं जागच्या जागी. पण आज सकाळी चहा झाला, कप विसळून झाले — स्वेटरचं विचारलंच नाही तिनं. रोज विचारायची तेव्हा जीव नकोसा व्हायचा, आणि आज, काय सांगू तुम्हाला, मी वाट बघत बसले होते.

म्हणून म्हणते, तुमची ती गोळी परत द्या. पर्सच्या चेनला लावलीय, दिसतेय मला. सगळ्या उसवणार, धुणार, आणि पहिल्या टाक्यापासून पुन्हा — तिला न सांगता, हो, सांगायची हिंमत नाही माझ्यात. नात एव्हाना मोठी झाली असेल, पण मी सैल विणेन. काढताय? फार उपकार झाले. ताईला कळायच्या आत एकदा का —

थांबा. आतला रेडिओ कधी बंद झाला?

नको, ती राहू द्या तुमच्याकडेच, आता लपवायचं कुणापासून? या तुम्ही आता.