झोक्याची रांग

दवाखान्यात माझ्या शेजारी दोन आजोबा बोलत बसले होते.

"नातीला बागेत नेता का अजून?"

"नेतो की. पण समोरच्या टॉवरमध्ये माणसं राहायला आल्यापासून झोक्यालाही रांग असते."

"आणि शाळा?"

"मुलं मावेनात, म्हणून दोन पाळ्या केल्या. आमची सकाळी, तिची मैत्रीण दुपारी. पोर घरात बोलेनाशी झाली होती हो."

"अरेरे. मग?"

"ती मैत्रीण झोक्याच्या रांगेत भेटली. आता संध्याकाळी दोघी रांगेतच खेळतात."

"झोका मिळतो का पण?"

"काल मिळत होता. अगदी पुढे पोचलो, तर माझा हात ओढून म्हणाली, 'आजोबा, चला, परत शेवटी उभं राहू.'"

"मग?"

"राहिलो."