तिसऱ्या काउंटरवरच्या ताई

दुकानातल्या तिसऱ्या काउंटरची रांग काही सरकेना, तेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांनी मान लांब केली. सगळ्यात पुढे बालवाडीच्या मोठ्या बाई कॅशियर मुलीशी बोलत होत्या.

"साबण राहू दे गं. तू परत येतेस ना, तेवढं सांग."

"मोठ्या बाई, मला का हौस होती बालवाडी सोडायची? इथल्या पगारात घर तरी चालतं."

"तेच सांगायला आलेय. मंजूर झालं! आपल्या पगारात सरकार दर महिन्याला भर घालणार."

"मागच्यासारखं गाजर नाही ना?"

"अगं, माझ्या खात्यात पहिली भर आलीसुद्धा! तू गेल्यापासून छोटा गट बंद आहे. पोरं दारात बसून विचारतात, ताई कुठे गेली?"

"पुरे हं, रडेन मी इथेच... मॅनेजरसाहेब! महिनाअखेर मी काम सोडतेय."

"कशाला? पोरांची नाकं पुसायला?"

"हो, नाकं पुसायला! आता त्याचाही धड पगार मिळतो."

"अहो, आम्ही इथेच मुक्काम करायचा का?" पोस्टमास्तरांच्या मागचा गृहस्थ ओरडला. रांग विस्कटली, तशी कॅशियर मुलगी टाळी वाजवून उभी राहिली.

"ए! ढकलाढकली नाही. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा, आगगाडी करा बघू. सगळ्यांचा नंबर येणार आहे."

पोस्टमास्तरांनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढच्या माणसाच्या खांद्यावर ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "हे मागचे काका हात ठेवत नाहीयेत!"