बाबांच्या मोतीबिंदूची तारीख

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन भाऊ बसले होते, मध्ये त्यांचे वडील. ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी दोन शनिवार दिले होते, सात किंवा चौदा. दोन्ही दिवशी टीव्हीवर एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढती होत्या.

“दादा, चौदाला उरकून टाकू. त्या दिवशीच्या लढतींचं इतकं फुसकं कार्ड मी जन्मात पाहिलं नाही.”

“फुसकं? अरे, निम्म्यांची नावंसुद्धा ऐकलेली नाहीत. एक जण तर म्हणे एरवी टाइल्स बसवतो.”

“आणि मुख्य लढतीत कोण, तर लागोपाठ चार वेळा हरलेला!”

“सातला मात्र बेल्टची, विजेतेपदाची लढत आहे. ती चुकली तर बाबा वर्षभर आपलं डोकं खातील.”

“ठरलं. बाबा, चौदा सांगतो हं.”

“सात सांग.”

“अहो, सातला बेल्ट आहे!”

“माहीत आहे. मोतीबिंदू डोळ्याला झालाय, कानाला नाही.”

“मग?”

“बेल्टची लढत तुम्ही दोघं मला ठोसा न् ठोसा सांगाल. नको म्हटलं तरी सांगाल. न्हावी सांगेल, शेजारी सांगेल. त्या टाइल्सवाल्याचं कोण सांगणार?”

“पण चौदापर्यंत पट्टी निघेल का?”

“डॉक्टरांना पहिलं तेच विचारलं. निघते.”

“आजोबा, कुठली तारीख लिहू?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“सात लिहा, मॅडम,” थोरला म्हणाला. “बाबा, तो टाइल्सवाला कितव्या लढतीत आहे?”

“पहिल्याच. नेहमीसारखे उशिरा येऊ नका.”