दाराशी थांबलेली कादंबरी

रुद्रेशची कादंबरी पुरी झाली. पण ती अजून झालीच नाही, असं समजून पुढं वाचा. २००२ साली शाहूपुरीतल्या सायबर कॅफेच्या रांगेत तो आणि त्याची बहीण विद्याश्री माझ्या पुढं उभे होते.

"दादा, आज काय वाचणार हायस?"

"आमच्या त्या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळातल्या राज्याचा इतिहास. सात देव, चाळीस नद्या पाठ झाल्या. बुटक्यांच्या लग्नात मानपान कुणाचा, तेवढं राहिलंय."

"आणि कादंबरी?"

"त्या खेळाचीच तर कादंबरी. माझा योद्धा किल्ल्याच्या बंद दाराशी उभा हाय. खेळ तिथंच थांबला. गोष्ट सांगणारा आमचा अमरसिंह ऑस्ट्रेलियाला गेला."

"मग तूच उघड की दार!"

"न्हाय जमत. दर रविवारी उचगावात बसून आम्ही फासे टाकायचो. आत काय हाय, ते अमरसिंहनंच सांगायचं. नियम हाय."

"तीन वर्षं झाली. योद्ध्याचं पाय दुखलं असतील."

"बसवलाय त्याला. सतरा पानं नुसताच बसलाय."

"फोनवर विचार की."

"फोनवर सांगंल तो. मला तसं नको."

नंबर आला. त्यानं मेल लिहिला, तिनं तो मोठ्यानं वाचला.

"मा. अमरसिंह यांस. विषय: दार उघडून मिळणेबाबत. तरी आपण दर रविवारी दुपारी चार वाजता उचगाव येथे समक्ष हजर राहून सदर दार उघडावे, ही नम्र विनंती."