शेवभाजीला सुटली तार

माझ्या बहिणीला बघायला साक्रीचे पाहुणे आमच्याकडे पिंप्राळ्याला आले होते ना, तेव्हाची गंमत ऐका. अमेरिकेत लुइझियानाला राहणाऱ्या मामाने तिकडे रश्श्यात घालतात ती पाल्याची हिरवी पूड पाठवली होती. आईने हौसेने ती उकळत्या शेवभाजीत टाकली, पाहुण्यांना पानं वाढली आणि मग मामाला फोन लावला. तो ओरडलाच, “अगं, गॅस बंद करून घालायची! उकळली की तार सुटते!”

तोवर मुलाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, घास उचलला होता. वाटीपासून मिशीपर्यंत तार! आबा मान मागे मागे नेत गेले, पण तार तुटेना.

“हाई काय शे?”

“अमेरिकेचा मसाला,” आई पुटपुटली.

पाहुणे कसेबसे जेवून गेले. स्थळ हातचं गेलं म्हणून आई रडायलाच लागली. संध्याकाळी आबांचा फोन आला.

“पोर पसंद शे. पन लगीनना सयपाक आम्हीच करसूत!”