थांबा पलीकडे

बससेवेच्या पंचवीस वर्षांच्या आराखड्यावर हरकती नोंदवायला रांग लागली होती. आराखडा आखणारा अधिकारी चहा पिऊन परतताना त्याच रांगेत अडकला. पुढे दोघी बोलत होत्या.

"मावशी, हे सगळं व्हायला पंचवीस वर्षं आहेत. आत्तापासून कशाला जीव जाळताय?"

"आमचा थांबा रस्त्याच्या पलीकडे नेलाय गं."

"पलीकडेच ना? चार पावलं."

"दारापासून आत्ताच्या थांब्यापर्यंत एकशे बारा. लेकीला दिसत नाही, पण पावलं तोंडपाठ आहेत. रोज एकटी कामाला जाते."

"मग रस्ता तेवढा तुम्ही ओलांडून द्यायचा."

"सत्तरी उलटली माझी. थांबा हलेल तेव्हा मी कसली असतेय! म्हणून तर आज आलेय."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, रांग गेली पुढे. सरका की."